डोंगराआडचा रेडिओ

पूर्णा-नांदेड रेल्वेमार्गावरचं चुडावा १९४८ पर्यंत निझामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. घरात मराठी, कचेरीत उर्दू. सरकारने १९३५ साली ताब्यात घेतलेला हैदराबादचा रेडिओही मुख्यतः उर्दूच बोलायचा. १९४८ मध्ये त्यावरून निझामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकार संघटनेचा नेता कासीम रझवी याची भाषणं गाजत होती. मराठवाडा मात्र त्यांना वश झाला नाही. असं का झालं?

प्रचाराचा परिणाम मोजणं अवघड असतं, कारण सरकारी रेडिओ आवडीने लावणारा बहुधा आधीच सरकारच्या बाजूचा असतो. जर्मनीतल्या नाझी प्रचारावर २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अर्थशास्त्रज्ञांनी यावर छान तोड काढली. प्रक्षेपकाची ताकद, अंतर आणि मधले डोंगर धरून कुठे आवाज स्वच्छ पोचायचा, याचं गणित त्यांनी मांडलं. शेजारच्या दोन गावांतलं एक डोंगराआड येतं, त्यात गावकऱ्यांच्या मताचा काही हात नसतो. मग दोन्हीकडची मतं ताडून पाहायची.

१९३३ पूर्वी तिथला रेडिओ नाझींच्या विरोधात बोलत होता. आवाज पोचला तिथे नाझींची मतं घटली. ३० जानेवारी १९३३ला हिटलर चॅन्सेलर झाला, रेडिओ हाती आला आणि ५ मार्चच्या निवडणुकीपर्यंत पारडं फिरलं. पुढे निघालेल्या स्वस्त रेडिओसंचाच्या ‘व्हीई ३०१’ या नावातही तीच ३० जानेवारी होती. पण खरी गोम पुढे आहे. ज्यूद्वेष पिढ्यान्‌पिढ्या मुरलेल्या भागांत हा प्रचार भिनला, द्वेष जिथे कमी होता तिथे उलटला.

मला हाच निष्कर्ष सगळ्यांत मोलाचा वाटतो. मराठवाड्यातल्या खेड्यांनी रझाकारांचा जाच स्वतः सोसला होता, रेडिओ त्यांना काय पटवणार? शिवाय दुसरा आवाजही होता. आ. कृ. वाघमारे यांनी १९३७ साली सुरू केलेलं ‘मराठवाडा’ साप्ताहिक बंदी आली की नाव बदलून पुन्हा निघायचं.

उर्दूतही असा आवाज होता. ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान भारतातल्या विलीनीकरणाच्या बाजूने लिहीत. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्यांना गोळ्या घातल्या, हात तोडला. महिनाही उलटला नाही, तोच १७ सप्टेंबरला निझामाने शरणागती पत्करली, आणि तीही लोकांना सांगितली त्याच रेडिओवरून.