सूर्यप्रकाशरोधके, मुरूमप्रवण त्वचेसाठी

सूर्यप्रकाशातील जंबुपार किरण त्वचेत शिरण्यापूर्वी शोषून घेणाऱ्या किंवा विखुरणाऱ्या द्रव्यांपासून केलेल्या, बाहेरून लावावयाच्या लेपांना सूर्यप्रकाशरोधके म्हणतात. व्यवहारात ती ‘सनस्क्रीन’ या नावाने ओळखली जातात. ज्यांच्या चेहऱ्यावर वारंवार तारुण्यपीटिका (मुरूम) येतात अशा व्यक्ती ही रोधके टाळण्याकडे प्रवृत्त होतात; कारण लेपाने छिद्रे बुजून मुरूम वाढतील अशी भीती त्यांना वाटते. ही भीती सर्वस्वी निराधार नाही. तथापि ती रोधक द्रव्याविषयी बाळगण्यापेक्षा ते ज्या आधारद्रव्यात मिसळलेले असते त्याविषयी बाळगणे अधिक योग्य ठरते, आणि रोधक न वापरल्याने होणारी हानी पुष्कळदा मुरमापेक्षा अधिक काळ टिकते.

ही हानी म्हणजे मुरूम बरा झाल्यावर मागे राहणारा काळसर डाग. केशपुटकातील त्वक्‌स्नेह (त्वचेचा तेलकट स्राव) व मृत कोशिका यांमुळे पुटकाचे तोंड बंद होते, आत सूक्ष्मजंतूंची वाढ होते व दाह उत्पन्न होतो. दाहामुळे तेथील रंजककोशिका उत्तेजित होऊन जादा कृष्णरंजक (मेलॅनीन) तयार करतात. गव्हाळ व सावळ्या वर्णाच्या त्वचेत ही क्रिया विशेष तीव्र असते. असा डाग एरवी काही महिन्यांत फिकट होतो. परंतु त्यावर रोज ऊन पडत राहिल्यास तो गडद होतो व वर्ष-वर्ष टिकतो. रुग्ण वैद्याकडे येतो तो बहुधा मुरमांसाठी नव्हे, तर या डागांसाठी. मुरमांवरील औषधांमुळे त्यात आणखी भर पडते. ट्रेटिनॉइन, ॲडापॅलीन यांसारख्या रेटिनॉइड मलमांनी त्वचेचा शृंगस्तर पातळ होऊन ती हुळहुळी बनते, तर डॉक्सिसायक्लीन हे पोटात घ्यावयाचे प्रतिजैविक प्रकाशविषाक्तता निर्माण करू शकते. म्हणजे एरवी सोसवणाऱ्या उन्हानेही चेहरा भाजल्यासारखा लाल होतो. अशा उपचारांत सूर्यप्रकाशरोधक हे सौंदर्यप्रसाधन न राहता उपचाराचाच भाग बनते.

उन्हाने मुरूम ‘सुकतात’ हा समज सर्वत्र आढळतो. उन्हाने त्वचा किंचित काळवंडते व मुरमांचा लालपणा त्यात झाकला जातो, एवढेच या समजाचे मूळ दिसते. उलटपक्षी जंबुपार किरणांमुळे शृंगस्तर जाड होतो व पुटकाचे तोंड बंद होण्यास मदतच होते. स्कँडिनेव्हियातून भूमध्य समुद्रातील मायोर्का बेटावर उन्हासाठी जाणाऱ्या पर्यटकांत, परतल्यानंतर उद्‌भवणाऱ्या एका विशिष्ट पीटिकेचे वर्णन १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले. तिला मायोर्का पीटिका असेच नाव मिळाले. ऊन व तेलकट लेप यांचा संयोग तिला कारणीभूत मानला जातो.

किरण व रोधक द्रव्ये : त्वचेपर्यंत पोहोचणाऱ्या जंबुपार किरणांचे दोन पट्टे महत्त्वाचे आहेत. सुमारे २८० ते ३२० नॅमी. (१ नॅमी. = मीटरचा अब्जांश भाग) तरंगलांबीच्या ‘बी’ पट्ट्याने त्वचा भाजते. ३२० ते ४०० नॅमी.चा ‘ए’ पट्टा अधिक खोल शिरतो, खिडकीच्या काचेतूनही बऱ्याच प्रमाणात आत येतो व रंजकवृद्धी घडवितो. सावळ्या त्वचेत दृश्य प्रकाशही, विशेषतः त्यातील निळा-जांभळा भाग, टिकाऊ काळेपणा आणतो. ही गोष्ट तुलनेने अलीकडे स्पष्ट झाली असून गोऱ्या त्वचेवरून बेतलेल्या जुन्या नियमांत तिला स्थान नव्हते.

झिंक ऑक्साइड व टिटॅनियम डाय-ऑक्साइड ही अकार्बनी रोधके होत. ती आरशाप्रमाणे किरण परतवितात असे नेहमी सांगितले जाते. प्रत्यक्षात ती मुख्यतः शोषणानेच कार्य करतात. ती त्वचेस फारशी झोंबत नाहीत, म्हणून मुरमांच्या औषधांनी हुळहुळ्या झालेल्या चेहऱ्यास मानवतात. मात्र गव्हाळ रंगावर त्यांची पांढुरकी राखाडी छटा उमटते आणि ती लपविण्यासाठी लोक लेप फार पातळ लावतात. ॲव्होबेंझोन, ऑक्टोक्रिलीन इ. कार्बनी रोधके अशी छटा देत नाहीत. यांपैकी ॲव्होबेंझोन एकटे असता प्रकाशात विघटित होते, म्हणून त्यास स्थिर करणाऱ्या द्रव्याची जोड द्यावी लागते. ज्या लेपांत लोहाची ऑक्साइडे मिसळून त्वचेसारखा रंग दिलेला असतो, ते दृश्य प्रकाशही काही अंशी अडवितात. मुरमांचे डाग हीच मुख्य तक्रार असल्यास असा रंगीत लेप निवडण्यास सबळ कारण आहे.

वेष्टनावर ‘एसपीएफ’ या अक्षरांनी दर्शविलेला सूर्यसंरक्षणांक केवळ त्वचा लाल होण्यापासून मिळणारे, म्हणजे मुख्यतः ‘बी’ पट्ट्याविरुद्धचे संरक्षण मोजतो. अंक १५ असल्यास सु. ९३%, ३० असल्यास सु. ९७% व ५० असल्यास सु. ९८% असे किरण अडविले जातात. ३० च्या पुढे अंक वाढला तरी फरक अल्प असतो, असे यावरून वाटेल. पण लोक लेप अपुरा लावतात हे गृहीत धरल्यास ५० चा लेप घेणे शहाणपणाचे ठरते. ‘ए’ पट्ट्याकरिता जपानमध्ये १९९६ पासून ‘पीए’ ही अक्षरे व पुढे अधिक चिन्हे अशी पद्धत रूढ झाली. चौथे अधिक चिन्ह २०१३ मध्ये आले. भारतीय बाजारातील लेपांवरही ही खूण आढळते. डागांची प्रवृत्ती असलेल्यांनी किमान तीन अधिक चिन्हे असलेला लेप घ्यावा.

आधारद्रव्याची निवड : मुरूमप्रवण त्वचेच्या दृष्टीने खरा प्रश्न येथे उद्‌भवतो. सौंदर्यप्रसाधनांनी उत्पन्न होणाऱ्या पीटिकांचे वर्णन अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ ॲल्बर्ट क्लिगमन व ओटो मिल्स यांनी १९७२ मध्ये केले. त्या काळी एखादे द्रव्य छिद्रे बुजविते की नाही हे सशाच्या कानावर लावून पाहिले जाई. खोबरेल तेल, कोको बटर व काही मेदाम्लांची एस्टरे या चाचणीत दोषी ठरली आणि त्यांच्या याद्या आजही फिरत असतात. परंतु सशाचा कान माणसाच्या गालापेक्षा पुष्कळच संवेदनशील असतो. शिवाय एखादे द्रव्य शुद्ध स्वरूपात दोषी ठरले तरी लेपात अल्प प्रमाणात असता निरुपद्रवी ठरू शकते. वेष्टनावरील ‘छिद्रे न बुजविणारे’ अशा अर्थाच्या शब्दांस कायद्याने ठरवून दिलेली चाचणी नाही. भारतात सूर्यप्रकाशरोधके प्रसाधनांत मोडतात व त्यांवर औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० आणि प्रसाधन नियम, २०२० लागू होतात. तरीही हे शब्द ग्राहकाने आश्वासन म्हणून न घेता उत्पादकाचा दावा म्हणूनच घ्यावेत.

सर्वसाधारणपणे जेल, पातळ लोशन अथवा सिलिकोनयुक्त, तेलाचे प्रमाण कमी असलेला लेप तेलकट त्वचेस मानवतो. घट्ट क्रीम व कांडीच्या रूपातील मेणचट रोधके टाळावीत. याला महत्त्वाचा अपवाद आहे. आयसोट्रेटिनॉइन घेणाऱ्यांची त्वचा व ओठ अत्यंत कोरडे पडतात. अशांना मद्यार्कयुक्त जेल झोंबते व सौम्य क्रीमच योग्य ठरते. त्वचा आज कशी आहे हे पाहावे, दोन वर्षांपूर्वी कशी होती हे नव्हे.

नवा लेप प्रथम जबड्याच्या कडेवर एका बाजूस काही आठवडे लावून पाहणे हिताचे असते. लावल्यावर लगेच किंवा एक-दोन दिवसांत आग, खाज व लाली आल्यास तो क्षोभ अथवा अधिहर्षता (ॲलर्जी) समजावी. बेंझोफेनोन वर्गातील द्रव्ये व ऑक्टोक्रिलीन यांची अधिहर्षता काहींना असते. छिद्रे बुजून येणाऱ्या बारीक पांढऱ्या पुटकुळ्या मात्र कित्येक आठवड्यांनी दिसतात. त्यामुळे सोमवारी लावलेल्या लेपाने बुधवारी मोठा मुरूम आला, असा निष्कर्ष बहुधा चुकीचा असतो. तो मुरूम आधीच तयार होत असतो.

पुण्यातील ऊन व वापराची वेळ : रोधक केव्हा लावावे हे स्थळावर अवलंबून असते. पुणे शहर सु. १८° ३१' उत्तर अक्षांशावर व समुद्रसपाटीपासून सु. ५६० मी. उंचीवर आहे. मेच्या मध्यास व जुलैच्या अखेरीस येथे सूर्य माध्यान्ही थेट डोक्यावर येतो, आणि डिसेंबरातही माध्यान्ही तो क्षितिजापासून सु. ४८° वर असतो. उन्हाळ्यात निरभ्र दुपारी जंबुपार निर्देशांक ११ किंवा त्याहून अधिक, म्हणजे आंतरराष्ट्रीय मापनानुसार ‘अतितीव्र’ वर्गात असतो. भारतीय प्रमाणवेळ ८२·५° पूर्व रेखांशावरून ठरत असल्याने पुण्याचा खरा माध्यान्ह घड्याळाच्या १२ वाजता होत नसून सरासरीने १२ वाजून ३५ मिनिटांच्या सुमारास होतो.

शनिवार पेठेच्या संदर्भात या आकड्याला विशेष अर्थ आहे. शनिवारवाड्याच्या बाजूपासून मुठेकाठच्या ओंकारेश्वरापर्यंत पसरलेला हा भाग व लगतची नारायण व सदाशिव या पेठांची वस्ती शाळांनी व अभ्यासिकांनी गजबजलेली आहे. सकाळच्या सत्राची मुले घरी जाण्याची व दुपारच्या सत्राची मुले शाळेत येण्याची वेळ नेमकी खऱ्या माध्यान्हाच्या आसपास येते, आणि तेच वय मुरमांचे असते. सकाळी साडेसहाला घाईने लावलेला लेप तोवर घामाने व हात पुसण्याने बराचसा नाहीसा झालेला असतो. शाळा सुटण्यापूर्वी चेहरा टिपून (घासून नव्हे) पुन्हा लेप लावणे हे सकाळच्या लेपापेक्षाही अधिक उपयोगी आहे. पेठेतील अरुंद बोळांत, जुने वाडे व नव्या इमारती यांच्या सावलीत थेट ऊन कमी लागते व आकाशाचा दिसणारा भागही थोडा असल्याने विखुरलेले किरण कमी येतात. परंतु शनिवारवाड्यापुढील पटांगणात अगर नदीवरील पुलावर झाडाच्या सावलीत उभे राहिले तरी मोकळ्या आकाशाकडून किरण येतच राहतात. उलट, दिवसभर अभ्यासिकेत बसून सूर्यास्तानंतर बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यास दर दोन तासांनी लेप लावण्याचे कारण नाही. तो खिडकीलगत बसत असल्यास मात्र सकाळचा एक थर द्यावा. पावसाळ्यातील पातळ ढगांतूनही बरेचसे जंबुपार किरण खाली येतात.

पुण्यात दुचाकीवरून जाताना डोळे तेवढे उघडे ठेवून चेहऱ्याला स्कार्फ गुंडाळण्याची मुलींची पद्धत प्रसिद्ध आहे. बाहेरच्या लोकांनी तिची थट्टा केली असली, तरी दाट विणीचे गडद कापड हे उत्तम रोधक असते. त्याला छिद्रे बुजविण्याचा दोष नाही व ते दोन तासांनी उतरतही नाही. दोष वेगळा आहे. घामाने ओले झालेले, धुळीने माखलेले कापड गालावर व हनुवटीवर घासत राहिल्यास घर्षणजन्य पीटिका येतात. हेल्मेटचा पट्टा व २०२० नंतर सर्वांच्या परिचयाचे झालेले मुखपट यांमुळेही असेच घडते. स्कार्फ रोज धुतलेला व सैल असावा. त्याने लेप पुसला जातो, म्हणून नाक, कपाळ व डोळ्यांभोवतीचा उघडा भाग यांकडे लक्ष द्यावे.

प्रमाण व खर्च : संरक्षणांक ठरविताना त्वचेच्या प्रत्येक चौ. सेंमी.वर २ मिग्रॅ. लेप लावला जातो. या हिशेबाने केवळ चेहऱ्यास सु. १ ग्रॅ. लेप लागतो, तर्जनीच्या शेवटच्या पेराइतकी रेघ म्हणजे सु. अर्धा ग्रॅम, अशा दोन रेघा. गळा व कान यांसाठी आणखी लागतो. बहुतेक लोक याच्या निम्मे किंवा त्याहून कमी लावतात व मग संरक्षणही निम्म्यावर किंवा त्याखाली येते. दिवसातून दोनदा पुरेसा लेप लावल्यास ५० ग्रॅ.ची नळी एका चेहऱ्यास सु. पंचवीस दिवस पुरते. मध्यमवर्गीय घरात हा खर्च लहान नाही. महागडी नळी पुरवून पुरवून वर्षभर वापरण्यापेक्षा साधी, परवडणारी नळी भरपूर वापरणे केव्हाही चांगले. संरक्षणाच्या दृष्टीने किमतीला अर्थ नाही.

चंदनाचे गंध, मुलतानी माती, हळद व उटणे यांनी चेहऱ्यास गारवा वाटतो. त्यांनी मिळणारे सूर्यसंरक्षण मात्र नगण्य असते. याहून गंभीर धोका औषधदुकानातून परस्पर आणलेल्या, गोरेपणासाठी वापरल्या जाणाऱ्या स्टेरॉइडमिश्रित मलमांचा आहे. त्यांनी पहिले काही आठवडे मुरूम व डाग नाहीसे होतात, पुढे त्वचा पातळ होऊन लाल पडते, पुटकुळ्या दुपटीने उठतात व मलम थांबविताच चेहऱ्याची आग होते. अशा रुग्णास उन्हाची तिरीपही सोसत नाही. २०१८ मध्ये केंद्र शासनाने अशा अनेक मलमांची चिठ्ठीविना होणारी विक्री निर्बंधित केली, तरी ती मिळतच राहिली आहेत.

वापराचा क्रम साधा आहे. सकाळी सौम्य साबणद्रवाने चेहरा धुऊन, वैद्याने सांगितलेले दिवसाचे औषध असल्यास ते वाळू द्यावे, त्यावर रोधक लावावे व बाहेर पडण्यास पंधरा मिनिटांचा अवधी ठेवावा. रेटिनॉइड मलम रात्रीच लावावे. घरी परतल्यावर रोधक धुऊन काढणे हे ते लावण्याइतकेच आवश्यक असते. जलरोधी लेप एका धुण्यात निघत नाही, म्हणून हलक्या हाताने दोनदा धुवावे. खरखरीत दाण्यांच्या साबणाने वा टॉवेलने घासल्यास मुरूम फुटून नवे डाग पडतात. कपाळावर एकसारख्या आकाराच्या, खाजणाऱ्या बारीक पुटकुळ्या घामाच्या दिवसांत उठल्यास त्या यीस्टमुळे येणाऱ्या पुटकशोथाच्या असू शकतात; त्यांवर उपचार वेगळा असल्याने लेप बदलत बसण्याऐवजी त्वचारोगतज्ज्ञास दाखवावे.