नंदू नाटेकर

बॅडमिंटनच्या खेळात चेंडू नसतो. पिसांचे फूल असते. बुचात 16 पिसे खोवतात. वजन जेमतेम 5 ग्रॅम. मधे जाळी बांधतात. फूल खाली पडू न देता जाळीपलीकडे मारायचे. झुळूक आली तरी ते भरकटते, म्हणून मोठे सामने बंद जागेत होतात.

या खेळात नंदू नाटेकरांनी नाव काढले. ते सांगलीचे. जन्म 1933 चा. आधी ते टेनिस खेळत. मुलांच्या राष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या सामन्यापर्यंत पोचले. तिथे रामनाथन कृष्णन यांनी त्यांना हरवले. मग नंदूंनी टेनिस सोडले नि बॅडमिंटन धरले. हातचे सोडून नवे धरायचे, ही काय सोपी गोष्ट आहे? पण 1953 साली, विशीतच, ते देशात पहिले आले.

ते नुसते जोरावर खेळत नसत. समोरच्याला वाटे, फूल लांब येणार. तो मागे सरे. नंदू ते अलगद जाळीपाशी टाकीत!

1956 साली मलायात, क्वालालंपूरला, त्यांनी स्पर्धा जिंकली. परदेशात बॅडमिंटनची स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय. 1961 साली सरकारने अर्जुन पुरस्कार सुरू केला. बॅडमिंटनचा पहिला पुरस्कार नंदूंना मिळाला. 2021 साली ते पुण्यात वारले. वय 88 होते.