नित्यवाचन आणि ईश्वरी योजना : लेखांक सातवा – चिठ्ठी, वचन आणि निर्णय

गेल्या लेखांकात हर्नहूटच्या वचनपुस्तिकेचा उल्लेख ओझरता येऊन गेला, आणि तो वाचून कोकणात वाढलेल्या एखाद्या वाचकाच्या मनात शंका उभी राहिली असेल तर ती अस्थानी म्हणता येणार नाही. देवळात गुरव गाऱ्हाणे घालतो, देवाला पाकळ्या लावतो, आणि उजवी पाकळी पडली तर कार्य सिद्धीस न्यावे, डावी पडली तर तहकूब ठेवावे, असा निकाल पदरात घेऊन माणूस घरी परततो. मग चिठ्ठी काढून ठरवलेले पवित्र शास्त्रातील वचन रोज सकाळी उघडून पाहणारा ख्रिस्ती भाविक याहून निराळे ते काय करतो? देवाच्या योजनेवर विश्वास ठेवणे म्हणजे कौल मिळेपर्यंत थांबणे आणि मिळाल्यावर निर्धास्त होणे, इतकेच असेल तर नित्यवाचनाची आणि मननाची एवढी महती गाण्याचे प्रयोजन उरत नाही.

हे हर्नहूट म्हणजे सॅक्सनीतील एक खेडे. धर्मच्छळाला कंटाळून मोराव्हियातून बाहेर पडलेल्या काही कुटुंबांना काउंट त्सिंझेंडॉर्फ या तरुण जमीनदाराने १७२२ साली आपल्या जमिनीवर आसरा दिला, तेव्हा ते वसले. ३ मे १७२८ रोजी सायंकाळच्या गायनसभेत त्याने दुसऱ्या दिवसापुरते म्हणून एक लहानसे वचन मंडळीच्या स्वाधीन केले, आणि तेव्हापासून एक बंधू रोज सकाळी तेथल्या बत्तीस घरी जाऊन त्या त्या दिवसाचे वचन पोचवू लागला. १७३१ पासून संपूर्ण वर्षाची वचने आगाऊ छापून निघू लागली. तो क्रम आजतागायत खंडित झालेला नाही, आणि पन्नासांहून अधिक भाषांत ती पुस्तिका प्रतिवर्षी प्रसिद्ध होते. जुन्या करारातील वचन सुमारे अठराशे निवडक वचनांतून चिठ्ठीने निघते. नव्या करारातील वचन मात्र चिठ्ठीच्या हवाली न करता, पहिल्याशी अर्थाने जुळेल असे, संपादक विचारपूर्वक निवडतो. या पंथाची एक मंडळी १८८५ पासून आपल्या लेह शहरात नांदत आहे, हे जाता जाता नमूद करावेसे वाटते. आरंभीच्या काळात याच लोकांनी विवाहासारखे मामलेदेखील चिठ्ठी काढून निकालात काढले होते, तेव्हा कौलाची शंका निराधार आहे असे म्हणण्याची सोय इतिहासाने ठेवलेली नाही.

शंकेचा निरास तत्त्वचर्चेने होण्यासारखा नाही. त्याला एखाद्या माणसाचा दाखलाच हवा, आणि तो या पुस्तिकेच्या सहवासात आयुष्य काढलेल्या डीट्रिख बोनहोफर यांच्याइतका बोलका दुसरा क्वचितच सापडेल. त्यांचा जन्म १९०६ चा. वडील बर्लिनमधील नामांकित मनोविकारतज्ज्ञ, घरात विज्ञानाचे वातावरण, देवळात जाण्याचा फारसा परिपाठ नाही. परंतु आईचे तरुणपणी काही काळ हर्नहूटला वास्तव्य झालेले होते आणि मुलांना सांभाळणाऱ्या बाई त्याच परंपरेतल्या होत्या. १९३४ मध्ये लंडनच्या जर्मन मंडळीचे पाळक असताना हिंदुस्थानात येऊन गांधीजींच्या सान्निध्यात राहावे, सामुदायिक जीवनाची आणि अहिंसक प्रतिकाराची दीक्षा घ्यावी, असा त्यांचा मनोदय होता. गांधीजींनी त्या वर्षीच्या नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेस पत्र लिहून येण्यास संमतीही दिली, आणि खर्चाचा अदमास म्हणून माणशी दरमहा शंभर रुपयांचा आकडा कळवला. तो प्रवास घडला नाही. हिटलरशाहीच्या धर्मातील ढवळाढवळीस विरोध करणाऱ्या कन्फेसिंग चर्चने भावी पाळकांच्या शिक्षणाची जबाबदारी त्यांच्यावर सोपवली, आणि १९३५ साली बाल्टिक किनाऱ्यानजीक, स्टेटीन शहराजवळच्या फिंकेनवाल्ड येथे ते त्या कामावर रुजू झाले. हिंदुस्थानचा बेत रहित झाला हे ईश्वरी योजनेचे अंग होते असे म्हणावयास पुष्कळजण पुढे सरसावतील. आम्ही ते म्हणणार नाही, कारण आपला बेत फिसकटला की त्यावर ईश्वराच्या सहीचा शिक्का उमटवून मोकळे होणे ही श्रद्धेपेक्षा सोयीची गोष्ट आहे.

फिंकेनवाल्ड येथे बोनहोफर यांनी जो परिपाठ घालून दिला तो सविस्तर पाहण्याजोगा आहे. रोज सकाळी न्याहारीनंतर अर्धा तास प्रत्येकाने एकट्याने, मौनाने, पवित्र शास्त्रातील एकाच लहानशा उताऱ्यावर मनन करावयाचे. उतारा रोज बदलावयाचा नाही, सबंध आठवडाभर तोच. या वेळात भाष्यग्रंथ उघडण्यास मनाई, मूळ ग्रीक वा हिब्रू शब्दांची चिकित्सा करण्यास मनाई, आणि पाळकाच्या धंद्यातला जो मोठा मोह, की वाचता वाचता येत्या रविवारच्या प्रवचनाचा मसुदा मनात जुळवावा, त्यालाही मनाई. हे वचन आज मला काय सांगू पाहते, एवढाच प्रश्न. विद्यापीठातून नुकत्याच बाहेर पडलेल्या त्या तरुणांना हा प्रकार अत्यंत जाचक वाटला: कोणी पेंगत, कोणी चिरूट-पाइप ओढत, कोणाचे चित्त कोठल्या कोठे भरकटत जाई, आणि गुरुजी परगावी गेले की हा नियम गुंडाळून ठेवण्याकडे सर्वांचा कल होई. तक्रारी कानावर आल्या, तरी बोनहोफर यांनी नियम मागे घेतला नाही. आठवड्यातून एकदा सर्वांनी मिळून मोठ्याने मनन करण्याची सवलत तेवढी दिली. चित्त भटकले तर ज्या माणसाकडे वा ज्या प्रसंगाकडे ते पुनःपुन्हा धाव घेते त्यालाच प्रार्थनेत सामावून घ्यावे, असा त्यांचा व्यवहारी उपदेश असे. १९३७ च्या शरद ऋतूत गेस्टापोने त्या शाळेला टाळे ठोकले.

पुढच्याच वर्षी, ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री, जर्मनीभर यहुद्यांची सभास्थाने जाळली गेली. बोनहोफर यांच्या नित्य वापरातील पवित्र शास्त्राच्या प्रतीत स्तोत्रसंहितेच्या ७४ व्या स्तोत्रापाशी, देशातील ईश्वराची सभास्थाने वैऱ्यांनी भस्मसात केल्याचा विलाप जेथे आहे तेथे, समासात ती तारीख पेन्सिलीने टिपलेली आढळते. सोबत भाष्य नाही, निष्कर्ष नाही. तीच वचनपुस्तिका आणि तेच स्तोत्र त्या राजवटीत निमूट राहिलेल्या सहस्रावधी भाविकांच्याही मेजावर पडलेले होते, ही गोष्ट नित्यवाचनाची प्रशस्ती गाणाऱ्या आमच्यासारख्यांनी विसरता कामा नये.

आता १९३९ च्या जूनकडे वळू. युद्ध अटळ दिसू लागले होते. लष्करी भरतीचा हुकूम केव्हा हाती पडेल याचा नेम नव्हता. आणि तो नाकारावा तर स्वतःच्या प्राणावर बेतेल एवढेच नव्हे, तर कन्फेसिंग चर्चवरही बालंट येईल, असा पेच पडला होता. राइनहोल्ड नीबुर, पॉल लेहमन आदी अमेरिकन स्नेह्यांनी खटपट करून त्यांना न्यूयॉर्कला बोलावून घेतले. १२ जून रोजी ते तेथे पोचले. युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत राहण्याचा बंदोबस्त झाला, जर्मन निर्वासितांमध्ये कार्य करण्याची कामगिरी सिद्ध होती. व्यवहारदृष्ट्या पाहता ईश्वराने दार उघडले असे म्हणण्यास याहून सबळ पुरावा कोणास मिळणार? परंतु त्या दिवसांत ठेवलेल्या रोजनिशीत मुक्काम न्यूयॉर्कचा आणि चित्त जर्मनीत, अशी अवस्था पानोपानी प्रकट होते. मायदेशाहून पत्र आले नाही म्हणून तगमग, टाइम्स स्क्वेअरच्या झगमगाटात एकट्याने केलेली रपेट, आणि या सर्वांच्या शेजारी हर्नहूटच्या पुस्तिकेतील त्या दिवसाच्या वचनांची नोंद.

२० जून रोजी त्यांनी देऊ केलेल्या कामगिरीस नकार कळवला. त्या रात्रीची नोंद विलक्षण आहे. आपल्या निर्णयाची खरी कारणे आपल्यालाच उमगलेली नाहीत, माणूस आपल्या कृतीची जी कारणे दुसऱ्यास आणि स्वतःस देतो ती नेहमी अपुरीच असतात, हे त्यांनी स्वच्छ कबूल केले आहे. आणि त्या दिवसाचे वचन ईश्वराच्या कठोर न्यायासंबंधी असल्याचे नमूद करून, हा निर्णय बाहेरून धैर्याचा दिसला तरी त्यात भय आणि वैयक्तिक भावना किती मिसळलेली आहे हे ईश्वर जाणतोच, असे म्हटले आहे. कौल घेऊन आलेल्या मनुष्याची भाषा अशी नसते. त्यानंतर २६ तारखेस वाचता वाचता तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या अखेरची ओळ सहजगत्या त्यांच्यासमोर आली, जीत वृद्ध पौल आपल्या तरुण सहकाऱ्यास हिवाळ्यापूर्वी येऊन पोचण्याची विनंती करतो. दिवसभर ती ओळ त्यांचा पाठलाग करीत राहिली, आणि ती स्वतःला उद्देशून आहे असे मानले तर शास्त्राचा दुरुपयोग होणार नाही, असा निर्वाळा त्यांनी स्वतःस दिला.

ही कथा सांगताना अनेक चरित्रकथक २६ जूनचे वचन आधी आणि परत जाण्याचा निर्णय नंतर, अशी मांडणी करतात, कारण तशी ती अधिक रंगते. तारखा मात्र उलट साक्ष देतात. नकार सहा दिवस अगोदर कळवून झाला होता. वचनाने निर्णय घेऊन दिला नाही, घेतलेल्या निर्णयात उभे राहण्याचे बळ दिले. आणि २० जूनचे वचन पाहिले तर त्याने बळही दिले नव्हते. उलट निर्णयाची उलटतपासणीच केली होती. गुरवाच्या पाकळीपाशी हे घडत नाही. पाकळी माणसाच्या प्रश्नाचे उत्तर देते. येथे माणसाने न विचारलेला प्रश्न वचनच त्याला विचारते, आणि आपण देवाच्या योजनेत आहोत अशी खात्री त्याला लाभण्याऐवजी, आपण आपल्या हेतूंवरसुद्धा विसंबू शकत नाही, मग उरते ती देवाची दयाच, असे भान येते. आमच्या अल्पमतीप्रमाणे योजनेवरील विश्वास याचेच नाव.

परतण्यापूर्वी त्यांनी नीबुर यांना पत्र लिहून आपला निश्चय कळवला: या कसोटीच्या काळात स्वदेशीयांची दुःखे वाटून घेतली नाहीत तर युद्धानंतरच्या उभारणीत भाग घेण्याचा हक्क आपल्याला उरणार नाही, असा त्याचा आशय आहे. जुलै संपण्यापूर्वी ते बर्लिनला पोचले. ती उभारणी पाहणे त्यांच्या वाट्याला आले नाही. हिटलरविरुद्धच्या कटाशी त्यांचा संबंध होता; तो उघड होण्यापूर्वीच, दुसऱ्याच संशयावरून ५ एप्रिल १९४३ रोजी त्यांना अटक झाली, आणि ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनब्यूर्ग येथे फाशी देण्यात आली; एक भाऊ आणि दोन मेहुणे यांनाही त्याच महिन्यात ठार मारण्यात आले.

टेगेलच्या तुरुंगातील एक पत्र मात्र या विषयाच्या दृष्टीने वगळता येत नाही. २० जुलै १९४४ रोजी हिटलरच्या खोलीत बॉम्बचा स्फोट झाला आणि तो बचावला. आपले आणि आपल्या आप्तांचे भवितव्य काय, हे बोनहोफर यांना त्याच क्षणी समजले असले पाहिजे. त्या दिवसाची वचने होती ती रथांपेक्षा आणि घोड्यांपेक्षा ईश्वराच्या नामावर भिस्त ठेवणाऱ्यांची आणि देव आपल्या पक्षाचा असता विरोधी कोण, असे विचारणाऱ्या पौलाची. दुसऱ्या दिवसाची मेंढपाळाची. कौल म्हणून वाचले असते तर २० तारखेचे वचन सूर्यास्तापूर्वीच खोटे ठरले होते. तरीही २१ जुलै रोजी मित्र एबरहार्ट बेट्गे यांना लिहिताना, कधीकधी साऱ्या तात्त्विक प्रश्नांचे ओझे बाजूला ठेवून दिवसाच्या वचनांत नुसता आनंद मानावा, विशेषतः कालच्या आणि आजच्या, असे ते सांगतात.

या सर्वांवरून वचनपुस्तिकेतच सारे आले अशी कोणाची समजूत होत असेल तर ती मात्र स्वतः बोनहोफर यांना मान्य नव्हती. १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या, सामुदायिक ख्रिस्ती जीवनावरील आपल्या छोटेखानी पुस्तकात त्यांनी स्पष्ट बजावले आहे की सुटी वचने ही सलग शास्त्रवाचनाची जागा घेऊ शकत नाहीत. अध्यायामागून अध्याय, कंटाळवाण्या वंशावळी आणि अनाकलनीय युद्धे यांसह वाचीत गेल्यानेच वाचक आपल्या दिवसाच्या चिंतेतून उचलला जाऊन इस्राएलाच्या आणि ख्रिस्ताच्या इतिहासात जाऊन बसतो. ज्यांना रोज एकच गोड वचन पुरेसे वाटते त्यांनी हा इशारा ध्यानी घ्यावा. त्याची परीक्षा पाहण्यास उत्तम स्थळ म्हणजे यिर्मयाचे बाबेलातील बंदिवानांस लिहिलेले पत्र, कारण देवाच्या योजनेविषयीचे सर्वात लाडके वचन त्यातच आहे, आणि त्याच्या अगदी निकट सत्तर वर्षांची मुदत सांगितलेली आहे, जी पत्र हाती घेणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या हयातीत संपणार नव्हती. पुढील आठवड्यात ते पत्र घेऊ. तोवर वाचकांनी त्या ग्रंथाचा २९ वा अध्याय, अकराव्या वचनापाशी न थांबता, अथपासून इतिपर्यंत वाचून ठेवावा.