सामायिक मोडेम आणि ग्राहक-कंपन्यांचा हिशेब

टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट मिळण्याच्या काळात, विशेषतः १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात, अनेक दूरध्वनी कंपन्या आपले मोडेम इतर इंटरनेट कंपन्यांना घाऊक भाड्याने देत. त्यामुळे फोन स्वीकारून संगणकाला जाळ्याशी जोडणारा ‘नेटवर्क ॲक्सेस सर्व्हर’ ही सामायिक मालमत्ता बनली. ‘ई-१’ या डिजिटल वाहिनीवर एका वेळी ३० कॉल मावतात, तेव्हा एकाच कंपनीच्या ग्राहकांची संध्याकाळची गर्दी बाकीच्यांचा वाटाही गिळू शकत असे.

सिस्को कंपनीच्या सर्व्हरांवर यासाठी ‘कस्टमर प्रोफाइल’, म्हणजे प्रत्येक भाडेकरू कंपनीची नोंद ठेवता येई. कोणत्या क्रमांकावर आलेले कॉल त्या कंपनीचे, त्यांना मोडेमचा कोणता गट द्यायचा, एका वेळी किती कॉल हक्काचे आणि त्यावर किती जादा चालतील, हे सारे तीत नोंदलेले असे. खरी खुबी वेळेची होती: डायल केलेला क्रमांक कॉल उचलण्यापूर्वीच संकेतांबरोबर येतो, म्हणून मर्यादा संपली असल्यास सर्व्हर ‘व्यस्त’ असल्याचा संकेत देऊन कॉल परत पाठवी आणि मोडेम वाया जात नसे. नाव व पासवर्ड यांची तपासणी, बहुधा ‘रेडियस’ या पद्धतीने, त्यानंतरच होई.

सर्व्हर अनेक असले, की प्रत्येकाने स्वतंत्रपणे केलेली मोजणी अपुरी ठरे, म्हणून एकत्रित मोजणीसाठी वेगळा संगणक ठेवावा लागे. अर्थात, हिशेब कितीही चोख ठेवला तरी असलेल्या मोडेमपेक्षा अधिक कॉल हक्काचे म्हणून विकणाऱ्या कंपनीला ही व्यवस्था वाचवू शकत नसे.