अलिखित गोरबोली आणि शेतकऱ्याचें ज्ञान

वसमतच्या पंचक्रोशींत हळद, कापूस व ऊस पिकविणाऱ्या वाचकांस बंजारा समाज अपरिचित नाहीं. हिंगोली जिल्ह्यांत त्यांचे तांडे ठिकठिकाणीं आहेत. पूर्वीं हे लोक बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून मुलूखोमुलूख फिरत. आगगाडी व पक्क्या सडका झाल्यावर एकोणिसाव्या शतकांत ही लदेणी बुडाली आणि पुष्कळ कुटुंबें शेतीकडे व मजुरीकडे वळलीं. त्यांची गोरबोली राजस्थानीच्या जवळची असून तिला परंपरेनें स्वतःची लिपि नाहीं.

लिपि नाहीं म्हणून विद्या नाहीं, असें मात्र कोणी समजूं नये. कोणत्या मुक्कामीं पाणी व चारा मिळेल हें मुखोद्गत असल्यावांचून शेंकडों बैल चालविणें शक्य नव्हतें. घराण्यांच्या वंशावळी भाट व ढाडी तोंडपाठ ठेवीत आणि सोयरीक जुळवितांना त्यांचा आधार घेतला जाई. तंटा उपस्थित झाल्यास नायक व वडीलधारे पूर्वींचे निवाडे स्मरून निर्णय देत. श्रावणांतील तीजेस कुमारिका टोपल्यांत गहूं पेरून नऊ दिवस पाणी घालतात. त्या वेळचीं गाणीं मुली आईच्या व आजीच्या तोंडूनच शिकतात.

परंतु अशा विद्येचें भांडार माणूसच असल्यामुळें एक वृद्ध गेला कीं तें भांडारही गेलें. शिवाय १९५६ सालीं हैदराबाद राज्याचें विभाजन होऊन तेथील तांडे तीन राज्यांत वांटले गेले. आतां एकच बोली इकडे देवनागरींत, तेलंगणांत तेलुगू लिपींत व कर्नाटकांत कानडी लिपींत लिहिली जाते. एकाचें लिखाण दुसऱ्यास वाचतां येत नाहीं. २०११ च्या जनगणनेंत ३२ लाखांहून अधिक लोकांनीं ही आपली मातृभाषा म्हणून सांगितली. तथापि तिची गणना हिंदींत झाली. मुलें मराठी शाळेंत शिकतात हें इष्टच आहे. पण गवतांचीं, झाडांचीं व गुरांच्या दुखण्यांचीं घरचीं नांवें त्यांच्या कानांवरून नाहींशीं होऊं लागल्यास ती हानि सर्व कृषकवर्गाची होय.

ह्यास उपाय खर्चाचा नाहीं. तांड्यांतील शिकलेल्या मुलामुलींनीं वडीलधाऱ्यांच्या संमतीनें हे शब्द, अर्थासह व सांगणाऱ्याच्या नांवासह, एका वहींत उतरावे. औषधी उपाय पशुवैद्यास विचारल्यावांचून कोणी योजूं नयेत. वहीची पहिली प्रत तांड्यांतच राहावी, कारण तें धन त्यांचें आहे. आम्हां शेजारी शेतकऱ्यांनीं वही, पेन्सिल व थोडा वेळ द्यावा. सुगी संपतांच हें काम हातीं घ्यावें. वृद्ध माणसें पुढील सुगीची वाट पाहत थांबतीलच असें नाहीं.