वळवट आणि इटलीचा पास्ता

श्रोतेहो, पुण्यांतील कोणत्याही मोठ्या वाणसामानाच्या दुकानांत आज पास्त्याचे पुडे मांडलेले दिसतात. एका पुड्यांत नळ्या, दुसऱ्यांत शिंपले, तिसऱ्यांत फुलपाखरें. मुलें तो आवडीनें खातात. वडील माणसें मात्र विचारतात कीं, पीठ तेंच, पाणी तेंच, मग इतक्या आकारांचा खटाटोप कशासाठीं? प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचें उत्तर शोधण्यास इटलीपर्यंत जावयास नको. हाच खटाटोप आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, आणि त्याला आपल्या भाषेंत वळवट असें स्वतंत्र नांव आहे.

वळवट म्हणजे गव्हाच्या पिठाचे हातानें वळून वाळविलेले जिन्नस. शेवई सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्याबरोबर गव्हले, नखुले, मालत्या, बोटवे हींहि याच कुळांतलीं. गव्हला बारीक दाण्यासारखा, दोन्ही टोकांस निमुळता. चिमटीभर पीठ बोटांच्या अग्रांत फिरवून तो वळतात. नखुल्यावर नखाचा ठसा असतो, आणि बोटव्याच्या तर नांवांतच बोट आहे. विदर्भांत सरगुंडे करतात. कणकेची बारीक वळी काडीभोंवतीं गुंडाळून सोडवितात, ते वाफवितात व आंब्याच्या रसाबरोबर खातात. सिसिली बेटांतील त्रापानी भागांत बुसियाते नांवाचा पास्ता आहे. तोहि एका गवताच्या काडीभोंवतीं पीठ गुंडाळूनच करीत आले. दोहोंचा परस्परांशीं संबंध आला असेल असें मानण्याचें कारण नाहीं. कणीक आणि काडी जेथें जेथें होती, तेथें मनुष्याच्या हातानें तीच युक्ति काढली, इतकेंच.

आतां या आकारांमागील कारणें पाहूं. पहिलें कारण धान्याचें. गव्हाचें पीठ पाण्यांत तिंबलें कीं त्यांतील प्रथिनांची एक चिवट जाळी तयार होते. तिला ग्लूटेन म्हणतात. उकळत्या पाण्यांत पिठांतील पिष्ट फुगून मऊ होतें. पण जाळी बळकट असली तर तें तिच्यांतच अडकून राहतें आणि आकार मोडत नाहीं. जाळी दुबळी असली कीं पिष्ट बाहेर पडून खिरीचा लगदा होतो. म्हणूनच शेवयांसाठीं जाणत्या बायका बन्सी किंवा खपली गहू मागत. बन्सी हा कठीण, पिवळसर, रवाळ गहू. इटलींतील वाळवलेला पास्ता ज्या गव्हाचा होतो त्याच प्रजातीचा. तेथें ४ जुलै १९६७ च्या कायद्यानें, वाळवलेला पास्ता याच कठीण गव्हाचा असला पाहिजे, असें ठरविण्यांत आलें. सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत पिकणारी खपलीहि इटालियनांना परकी नाहीं. ते तिला फार्रो म्हणतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनें काढलेला एमएसीएस ४०२८ हा बन्सी वर्गांतील वाण असून त्यांत प्रथिनें सुमारें १४.७ टक्के आहेत.

जेथें ही जाळी नाहीं, तेथें युक्ति बदलते. तांदळाच्या पिठांत ग्लूटेन नसतें. तें नुसतें पाण्यांत मळून त्याची तार निघत नाहीं. म्हणून कोंकणांत शिरवाळे करतांना तांदळाच्या पिठाचे गोळे आधीं उकडतात व गरम असतांनाच साच्यांतून दाबतात. शिजलेलें पिष्टच तेथें चिकटविण्याचें काम करतें. कुरडईचें रहस्यहि तेंच. गहू भिजवून, वाटून, गाळून त्यांतील कोंडा व चिवट भाग आपण काढून टाकतों, आणि उरलेला चीक शिजवून सोऱ्यांतून पाडतों. शेवईंत जें राखावयाचें, तेंच कुरडईंत टाकावयाचें! कोणीं प्रयोगशाळेंत शिकविलें नसतां आपल्या स्त्रियांनीं गव्हाचे हे दोन भाग ओळखून वेगळे केले होते.

दुसरें कारण हवेचें. इटलीच्या उत्तरेस बोलोन्या शहरीं मऊ गव्हाच्या मैद्यांत अंडें घालून पास्ता लाटतात आणि बहुधा ताजाच शिजवितात. दक्षिणेस नेपल्सजवळच्या ग्रान्यानो गांवीं कोरडें ऊन व डोंगर-समुद्राचे वारे मिळत, तेथें वाळवलेल्या पास्त्याचा मोठा धंदा उभा राहिला. आपल्याकडे हाच भेद देश आणि कोंकण यांत आहे. देशावर चैत्र-वैशाखाचें ऊन कडक व हवा कोरडी. म्हणून वळवट वाळवून वर्षभर डब्यांत भरतात. कोंकणांत हवा दमट. शिरवाळे पाडले कीं गुळ घातलेल्या नारळाच्या रसांत बुडवून त्याच दिवशीं संपवितात.

तिसरें कारण रसाचें. बारीक शेवई दुधांत कांहीं मिनिटांत शिजते आणि दुधाशीं एकजीव होते. गव्हला जाड, म्हणून तो दाताखालीं लागतो. नखुल्याच्या खोलगटांत दूध सांचतें. बारी शहराकडील ओरेक्किएत्ते, म्हणजे इवलेसे कान, यांची वाटीहि तशीच. तिच्यांत भाजीचा रस अडकतो. नळीच्या पोटांत दाट रस शिरतो, बारीक तार पातळ सारांत शोभते. आपल्या वरणफळांची किंवा चकोल्यांची चपटी फळें वरणाला दाटपणा आणतात. इटालियन गृहिणी घेवड्याच्या सारांत वेडेवांकडे कापलेले तुकडे टाकते, तेंहि याचसाठीं.

मार्को पोलोनें चीनहून पास्ता आणला, ही गोष्ट पुष्कळांच्या कानीं आली असेल. ती खरी नाहीं. तो परतला १२९५ सालीं; आणि अल्-इद्रिसी या भूगोलकारानें ११५४ सालींच सिसिलींतील त्राबिया गांवीं पिठाचे धागे करून गलबतांनीं देशोदेशीं पाठवितात, असें लिहून ठेवलें होतें. अन्नाचा इतिहास एखाद्या प्रवाशाच्या पेटाऱ्यांत सांपडत नाहीं. तो हातांतून हातांत चालतो.

आणि येथेंच काळजीची गोष्ट आहे. सार्डिनिया बेटांत सु फिलिंदेउ, म्हणजे देवाचे धागे, या नांवाचा पास्ता आहे. रवा, पाणी व मीठ यांचा गोळा आठ वेळां ओढून व दुमडून त्याचे २५६ धागे काढतात, आणि ते एकावर एक तीन थरांत आडवेतिडवे पसरून वाळवितात. हें कसब आज मोजक्याच स्त्रियांना येतें. पीठ आहे, पाणी आहे, पुस्तकांत कृतीहि आहे. परंतु ओढ केव्हां थांबवावी, हें बोटांनाच कळतें. उलट बोलोन्याकरांनीं १९७२ सालीं तालियातेल्लेची पट्टी शिजल्यावर ८ मिलिमीटर रुंद असावी असें ठरवून सोन्याचा एक नमुना आपल्या व्यापारी मंडळांत ठेवला. तो नमुना केवळ मिरविण्यासाठीं राहिला नाहीं, कारण तो पास्ता तेथील घरोघरीं अजून शिजतो.

आमचें मांजरी बुद्रुक हें गांव २०२१ सालीं पुणें महानगरपालिकेंत आलें. येथें उन्हाळ्यांत गच्चीवर शेवया वाळत घातलेल्या क्वचित् अजून दिसतात; त्या बहुतेक यंत्रावरच्या असतात. त्यांत वाईट कांहींच नाहीं. यंत्रानें बायकांचे खांदे वांचविले. परंतु गव्हले-नखुले रुखवतांत रंगवून मांडले जातात आणि समारंभ आटोपला कीं कोणी ते शिजवीत नाहीं. जो आकार शिजत नाहीं, त्याचें कारण विसरतें. कारण विसरलें कीं पुढच्या पिढीला तो निव्वळ शोभेचा वाटतो, आणि शोभेच्या वस्तूला बाजारांत पुष्कळ पर्याय असतात.

म्हणून, श्रोतेहो, एक साधी सूचना करतों. येत्या चैत्रांत अच्छेर रव्याचें पीठ भिजवा. घरांत आजी, आत्या किंवा मावशी असतील तर त्यांना मध्यें बसवा, आणि मुलग्यांनाहि मुलींबरोबर पाट द्या. प्रत्येकानें एकच आकार शिकावा, त्याचें नांव विचारून घ्यावें, आणि वाळल्यावर त्याची खीर करून खावी. मुलें पास्ता खुशाल खावोत. परंतु तो खातांना त्या नळीला पोकळी कां, हें त्यांना आपल्या नखुल्यावरून सांगतां आलें, तर दोन्ही पानांतील अन्न त्यांना कळलें असें होईल.