मज्जापेशींमधील फट

आपण बोट उचलावयाचें मनांत आणतों आणि तें तत्क्षणीं उचललें जातें. मेंदूपासून बोटापर्यंत एकच अखंड तार गेली असावी, असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा नव्हे. दोन मज्जापेशींमध्यें सुमारें २० नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटराच्या पन्नास हजाराव्या भागाइतकी फट असते. मग विद्युत्संदेश ती ओलांडतो कसा?

ग्राझ येथील ऑटो लोवी यांनीं १९२१ सालीं दोन बेडकांचीं हृदयें क्षारजल भरून धडधडत ठेविलीं. पहिल्याच्या व्हेगस मज्जातंतूस उत्तेजन देतांच त्याची गति मंदावली. त्यांतील क्षारजल मज्जातंतु नसलेल्या दुसऱ्या हृदयांत घातलें, तों तेंहि मंदावलें! निरोप पोंचविणारें द्रव्य पाण्यांत उतरलें होतें. (ही युक्ति आपणांस झोपेंत सुचली, असें लोवी सांगत, परीक्षेच्या आदल्या रात्रीं विद्यार्थ्यांनीं मात्र या मार्गावर विसंबूं नये.)

तें द्रव्य ॲसिटिलकोलिन. बोट हलविणाऱ्या स्नायूंनाहि आज्ञा तेंच पोंचवितें. तंतूच्या टोकाशीं तें सूक्ष्म पिशव्यांत भरलेलें असतें. विद्युत्संदेश येतांच पेशीपटलांतील द्वारें उघडून कॅल्शियम आंत शिरतें, आणि त्यासरशीं कांहीं पिशव्या पटलाशीं एकजीव होऊन फटींत रित्या होतात.

नासलेल्या डबाबंद अन्नांत कधीं कधीं बोटुलिनम नांवाचें विष निपजतें. पिशव्यांना पटलाशीं जोडणारीं प्रथिनें तें तोडून टाकतें. मेंदू आज्ञा देतो, तंतु ती वाहून आणतो, पिशव्याहि भरलेल्या असतात. पण त्या रित्या होत नाहींत, आणि श्वासाचे स्नायु लुळे पडतात.